चंद्राक्काचा जिवंत देखावा

"मरताना पदर ढळला तर मार्क कापतात," बबनदादा म्हणाला. "परत मर."

मी परत मेले.

"आता पापण्या का हलवल्यास?"

"दादा, पाठीखाली खिळा आला."

"मेलेल्या बाईला खिळा टोचत नसतो. पोपट, तुझ्या बहिणीला नीट समजावून सांग."

माझा भाऊ पोपट ट्रॉलीखाली बसून दिव्यांच्या वायरींचा गुंता सोडवत होता. मान वर न करताच त्यानं मला समजावलं, "शाले, नीट मर की गं."

ही आमच्या येरळगावच्या तरुण मंडळाची गणपतीतली तयारी. मंडळ तरुण, आणि अध्यक्ष बबनदादा खराडे पन्नाशीला टेकलेला. कुणी म्हटलं, दादा आता पोरांकडं द्या मंडळ, की त्याचं बीपी वाढायचं. दरवर्षी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जिवंत देखावा उभा करायचो आणि दरवर्षी पहिला नंबर बाजारपेठेतल्या मंडळाला जायचा. आधीच्या वर्षी तर आमच्या द्रौपदीला मिशीची लव फुटलेली परीक्षकांना पुढच्या खुर्चीतून स्पष्ट दिसली. तेव्हापासून दादाच्या डोक्यात बसलं होतं की यंदा बाईच्या कामाला बाईच पाहिजे.

आता येरळगावातल्या चांगल्या घरच्या मुली ट्रॉलीवर चढून चारचौघांत मरायला तयार होईनात. राहिले कोण, तर मी. बावीस वर्षांची, बाप नाही, घरी ब्लाउज शिवून दोन पैसे मिळवणारी, आणि भाऊ मंडळाचा कार्यकर्ता. त्या भावाला दूध डेअरीत चिकटवायचा शब्द दादानं दिला होता. त्यामुळं मला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. आई दोन दिवस रुसली, मग म्हणाली, निदान लुगडं तरी बरं नेस, माणसं बघणार.

देखाव्याचा विषय होता चंद्राक्काचा खून.

चंद्राक्का कोण असं आमच्या गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: जिचा खून झाला ती. गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली. गावातली पहिली पिठाची गिरणी तिच्या नवऱ्यानं घातली, तो मेला, मग गिरणी तिनं चालवली. आणि एका दुपारी सख्ख्या दिरानं तिला गिरणीतच कुऱ्हाडीनं तोडली. दीर जन्मठेपेवर गेला. इतकं खरं. पुढचं सगळं गावानं आपापल्या हौसेनं घातलेलं. कुणी म्हणे ती लाखात देखणी होती. कुणी म्हणे इंजिन दुरुस्त करणाऱ्याशी तिचं सूत होतं. कुणी म्हणे अमावास्येला त्या जागी अजून गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येतो. कुऱ्हाडीचं पातं केवढं होतं आणि रक्त उंबऱ्याबाहेर कुठवर गेलं हे छातीठोक सांगणारे तर गल्लोगल्ली होते, त्यातले बरेचसे खुनानंतर जन्मलेले. ती बाई जगताना काय करायची, हे सांगणारा एक भेटला असता तर शपथ.

देखावा लिहिला मगदूम सरांनी. सर हायस्कूलला इतिहास शिकवायचे आणि इतिहासावर त्यांचा राग होता, कारण तो त्यांना विचारून घडला नव्हता. त्यांनी चंद्राक्काचा खून हुंड्यासाठी करून टाकला.

मी म्हटलं, "सर, ती विधवा होती. पस्तिशीची. हुंडा कुठून आला?"

"शालन, तू खोलात जाऊ नकोस. सामाजिक संदेशाला पंचवीस मार्क आहेत."

"मग दीर दारुडा दाखवा. व्यसनमुक्तीला पण मार्क देतात."

"व्यसनमुक्ती बाजारपेठवाल्यांनी घेतलीय," सर खिन्नपणे म्हणाले. "आपल्याकडं हुंडाच उरलाय."

आणि गिरणी? ती दाखवायचीच नाही असं ठरलं. गिरणी उभी करायची तर इंजिन हवं, पट्टा हवा, खर्च कोण देणार? त्यापेक्षा तुळशीवृंदावन मंडळाकडं आधीच होतं, द्रौपदीच्या वेळचं. मग चंद्राक्का तुळशीपुढं. हातात एक गाठोडं, ती तिची तान्ही मुलगी. दीर येतो, माहेरहून पैसे आण म्हणतो, ती हात जोडते, तो कुऱ्हाड घालतो. कुऱ्हाड पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. माझ्या कमरेला लाल पाण्याची पिशवी, पडताना दाबायची म्हणजे फुटते.

बोलायचं काही नसायचं. सगळं मिरजेच्या स्टुडिओत कॅसेटवर भरलेलं. आम्ही नुसते ओठ हलवायचे. चंद्राक्काचा आवाज सांगलीच्या कुणा मॅडमचा होता, आणि त्या अशा बोलायच्या की ऐकताना वाटावं ही बाई गिरणी नव्हे, बालवाडी चालवत असणार. "भावोजी, मज अबलेवर दया करा हो," असं त्या म्हणायच्या आणि मी तोंड वासायची. शेवटी मगदूम सरांचा स्वतःचा घोगरा आवाज: "समाजा, जागा हो." की लाइट बंद.

देखावा सुरू झाला. अंधार पडला की गर्दी जमायची, कॅसेट लागायची, मी मरायची, कॅसेट मागं फिरवायची, मी उठून पदर सावरायची, परत मरायची. दिराचं काम दिनकर पैलवानाकडं होतं. अंगानं दरवाजा, मनानं कोकरू. प्रत्येक वेळी मला मारून झालं की अंधारात हळूच विचारायचा, "शालनताई, लागलं न्हाई न्हवं?" लोक मात्र खूश. कुऱ्हाड उचलली की पोरं शिट्ट्या मारायची, बाया पदर तोंडाला लावायच्या आणि पोरांना पुढं ढकलायच्या, बघ बघ म्हणून.

त्या गर्दीत एक बाई रोज यायची. साठीच्या पुढची, सुती लुगडं, डोक्यावरून पदर, अगदी पहिल्या रांगेत सतरंजीवर. पहिल्या खेळाला बसायची. मी तुळशीला पाणी घालायचे तेव्हा टक लावून बघायची. आणि दिनकर पडद्याआडून निघाला रे निघाला की उठून गर्दीतून वाट काढत निघून जायची. एक दिवस नाही, रोज.

मगदूम सरांच्या ते लक्षात आलं. "बघितलंस? शेवट सहन होत नाही तिला. लेखणीची ताकद आहे."

बबनदादाला वेगळीच काळजी. "परीक्षक आले त्या दिवशी पण अशी मधनंच उठली तर वाईट दिसंल. तिला मागं बसवा."

परीक्षक यायचे विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी मशीनवर बसले होते आणि तीच बाई दारात आली. हातात ब्लाउजपीस.

"शिवून देशील का गं?"

"या की मावशी. बसा. विसर्जन झाल्यावर देईन, चालेल?"

"चालंल. घाई न्हाई." ती बसली. मी माप घेऊ लागले तर माझ्या तोंडाकडंच बघत राहिली. "तू नाकानं तशी न्हाईस," ती म्हणाली. "पर उंची तेवढीच भरतीया."

"कुणाएवढी?"

"माझ्या आईएवढी."

मला वाटलं, म्हातारी माणसं बोलतात तसं काहीतरी. मग ती म्हणाली, "चंद्राक्का माझी आई."

माझ्या हातातली टेप खाली पडली.

बाईचं नाव द्वारकाबाई. खुनानंतर मामानं तिला तासगावकडं नेली, तिथंच वाढली, लग्न झालं, नवरा गेला. मुलगा वीज मंडळात होता, त्याची बदली होऊन वर्षापूर्वी ती सगळी इथं आली होती. स्टँडमागच्या कॉलनीत भाड्यानं राहायची. कुणाला बोलली नव्हती.

"का नाही सांगितलं गावात?"

"सांगितलं की माणसं कुऱ्हाडीचं इचारत्यात," ती म्हणाली. "तासगावात जलमभर तेच. तू हुतीस का तिथं, तू बघितलंस का, पहिला घाव कुठं बसला. आई कशी हुती असं एका माणसानं इचारलं न्हाई मला. एकानं. सासूनं बी न्हाई."

 इचारणाऱ्यांतली मी नव्हते, पण मारून घेणारी तर होते.

"मग तुम्ही रोज बघायला कशाला येता? आणि मधनंच जाता."

द्वारकामावशीनं ब्लाउजपीसची घडी उलगडली, परत घातली. "आईचा फोटू न्हाई माझ्याकडं. एकच निघाला हुता, पोलिसांनी काढलेला. पडलेली. मामानं फाडला. पर मी डोळं मिटलं की तसलीच दिसती. दुसरी दिसतच न्हाई, काय करू? मी आठ वर्साची हुते. तुमच्यात ती पयल्यांदा उभी असती. चालती, वाकती. तेवढं बघते. त्यो आला की उठते."

 मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग अशीच होती का आई? तुळशीला पाणी, हात जोडून..."

"छ्या." ती एकदम हसली. "तिला कसली तुळस? उजाडायला गिरणीत. काष्टा घट्ट, पदर खोचलेला, भुवया पिठानं पांढऱ्या. आणि तोंड असं फाटकं, काय सांगू तुला. डबे वळीनं लावायला लावायची. ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. पाटलाचा गडी आला तरी वळीत. एकदा पाटील सोता आला, त्यालाबी म्हणाली, मागं लावा डबा. त्यो लावून गेला की." ती थांबली. "आता बघ, हे मला कवाच आठवलं न्हवतं. आत्ता आठवलं."

"आणखी?"

"कुंचा हुता तिच्याकडं, पीठ झाडायचा. पोरं मधी आली की कुंच्यानं हाणायची. मलाबी हाणलंय. जात्याच्या दगडाला टाकी लावायला गवंडी बोलवायची न्हाई, पैसं जात्यात म्हणून सोताच छिन्नी घिऊन बसायची. लई चिकट बाई. आणि दळता दळता वरडून बोलायची, इंजिनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून, तर घरी आली तरी तसंच वरडायची. आजी म्हणायची, अगं हळू, बहिरी न्हाई मी." तिनं पदरानं डोळे टिपले, पण हसत होती. "आणि त्या तुमच्या बाई! दया करा हो म्हणं. तिनं जलमात कुणाला हो म्हटलं नसंल. माझं तर तुमी गाठोडं केलंय."

"दिरानं कशासाठी मारलं मावशी?"

"गिरणी पायजे हुती त्याला. दुसरं काय असतंय?" एवढंच. त्याबद्दल तिला बोलायचंच नव्हतं. उठताना माझा हात धरून म्हणाली, "पोरी, एक काम करशील? एकदा तिला गिरणीत उभी कर. मारायचं ते मारू देत, गावाला तेच बघायचंय. पर आधी जरा जगू द्या तिला. तुझ्या हातात असलं तर."

माझ्या हातात काय होतं? कमरेची पिशवी. तरी मी संध्याकाळी बबनदादाकडं गेले. द्वारकामावशीचं नाव न सांगता म्हटलं, दादा, सुरुवातीला तिला गिरणीत दाखवू या. चार डबे, एक कुंचा, जास्त काही नको. अर्धा मिनिट.

"आणि कॅसेट? कॅसेटमधी तुळस आहे."

"कॅसेट वाजू दे. मी वेगळं करते."

"शालन, उद्या परीक्षक येणार. डॉक्टरीणबाई, तहसीलदार साहेब आणि रिटायर हेडमास्तर. आणि तू आता गिरणी काढतीस?" दादानं आवाज एकदम मऊ केला. तो असा मऊ झाला की समजायचं, आता काहीतरी मोजून आठवण करून देणार. "पोपटचं डेअरीत बोलणं चाललंय माझं. चेअरमन उद्या देखाव्याला येणार आहेत. एवढं पार पडू दे. पुढच्या वर्षी बघू की गिरणीचं."

पुढच्या वर्षी. म्हणजे तोवर द्वारकामावशीनं डोळे मिटून पडलेली आई बघत बसायचं. आणि परवा विसर्जन, म्हणजे उद्याचाच काय तो दिवस. मी घरी आले आणि आईशी, पोपटशी, मशीनशी, सगळ्यांशी भांडले. रडायला येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हीत राग जास्त होता. ज्या बाईनं पाटलाला रांगेत लावलं, तिला आपण रोज हात जोडायला लावतो आणि वर म्हणतो, तिची आठवण जपली.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी कमरेला बांधलीच नाही.

काष्टा घातला. पदर खोचला. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या भीमाप्पाकडून एक कुंचा आणि पाच-सहा डबे आणले, देखाव्याला पाहिजेत म्हणून, आणि ते खोटं नव्हतं. तोंडाला आणि भुवयांना मूठभर ज्वारीचं पीठ फासलं. ट्रॉलीवर पडद्याआड चढले तर दिनकर दचकला. "ताई, हे काय? भूत हाय का?"

"नाही. गिरणीवाली आहे."

"दादानं सांगितलं?"

"तू तुझं काम कर, दिनकर."

पडदा सरकला. समोर खुर्च्यांवर परीक्षक, डेअरीचे चेअरमन, मागं गाव. पहिल्या रांगेत द्वारकामावशी नव्हती. दादाच्या पोरांनी तिला मागं विजेच्या खांबाजवळ बसवलं होतं. तरी मला दिसली, कारण मी तिलाच शोधत होते.

कॅसेट लागली. "हे तुळशीमाते, माझ्या तान्ह्या बाळाचं रक्षण कर," सांगलीच्या मॅडम म्हणाल्या. मी तुळशीला डब्याचा आडोसा केला. डबे ओळीनं लावले. एकाचं झाकण काढून दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, दाताखाली घातले. कुंच्यानं जमीन झाडली. गाठोडं तुळशीमागं टाकून दिलं. आणि तोंडानं नुसती भांडत राहिले, आवाज न काढता, हातवारे करत, समोर ओळीत उभ्या असलेल्या, कुणालाच न दिसणाऱ्या माणसांशी. मधेच मला गंमत वाटायला लागली. आयुष्यात इतकं मनमोकळं मी कुणाशी भांडले नव्हते.

पुढची पोरं हसायला लागली. पडद्याच्या फटीतून बबनदादाचं डोकं दिसलं. "तुळस," तो दातांवर दात दाबून म्हणत होता, "तुळस, तुळस." मगदूम सर त्याच्यामागं गार पडले होते.

दिनकर आला. "वहिनी, माहेरहून हुंडा आण, नाहीतर आज तुझी गय नाही," कॅसेट गरजली. खांबाजवळ द्वारकामावशी उठली, नेहमीसारखी. पदर सावरला, वळायला लागली.

मी हात जोडले नाहीत. कुंचा उचलला आणि दिनकरला डब्यांच्या रांगेचं टोक दाखवलं. मागं लाव डबा.

मावशी वळायची थांबली.

"मज अबलेवर दया करा हो," मॅडम विव्हळल्या. दिनकरनं कुऱ्हाड घातली. मी उभी. कॅसेटवर किंकाळी झाली. मी उभीच. त्यानं परत घातली, पुठ्ठा वाकला.

"ताई, पड की," तो पुटपुटला.

"आज जमायचं नाही."

"अगं दादा मारंल मला."

"रांगेत उभा राहा. मारायचा नाही."

आणि तो पैलवान, देव त्याचं भलं करो, वाकडी कुऱ्हाड काखेत मारून खरंच डब्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मी जाता जाता त्याच्या पाठीवर कुंचा हाणला, पीठ उडालं. गाव असं हसलं की कॅसेटवरची निष्पाप अबला रक्ताच्या थारोळ्यात कधी पडली ते कुणाला कळलंसुद्धा नाही. मी पुढचा डबा ओढला आणि दळायला घातला. सर घोगऱ्या आवाजात समाजाला जागा हो म्हणाले, आणि दिवे गेले.

दिवे परत आले तेव्हा द्वारकामावशी ट्रॉलीला लागून उभी होती. एवढ्या गर्दीतून कशी आली कोण जाणे. दोन्ही हातांनी ट्रॉलीची कड धरलेली, टाचा उंचावलेल्या. माझ्याकडं मान वर करून ती म्हणाली, "आई, जेवायला चल. आजी थांबलीय."

हसणं तुटलं. मागून बबनदादा माझ्या नावानं काहीतरी बोलत होता. कॅसेट संपली होती, यावर काय बोलायचं ते कुणी मिरजेत भरून ठेवलेलं नव्हतं.

"चल," मी मोठ्यानं म्हटलं. कुंचा दिनकरच्या हातात दिला आणि खाली उतरले. तिनं माझं बोट धरलं.

पुढचं एका दमात सांगून टाकते, म्हणजे मधे लुडबूड नको. आम्हाला पहिला नंबर मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अन्यायापुढं न झुकणारी स्त्री दाखवून मंडळानं हुंडाप्रथेला सणसणीत चपराक दिली. शेवटी गर्दीतून वृद्ध मुलगी येते ही कल्पना तर तहसीलदार साहेबांना फारच हृद्य वाटली, त्यांनी त्या म्हातारीच्या अभिनयाला वेगळे मार्क दिले. मगदूम सरांनी सत्कारात सांगितलं की हा शेवट त्यांना पहाटे सुचला. बबनदादा म्हणाला, सगळं नियोजनबद्ध होतं. चेअरमन खूश होऊन पोपटला डेअरीत घेऊन गेले, तो अजून तिथंच आहे आणि बहिणीमुळं लागलो असं कधी म्हणत नाही. गावात चंद्राक्काच्या गोष्टीत मात्र काही फरक पडला नाही. कुऱ्हाडीचं पातं दरवर्षी बोटभर वाढतंच आहे.

हे सगळं मागाहून. त्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, पोपटची नोकरी गेली, उद्या दादा घरी येऊन तमाशा करणार. मी नुसती चालत होते, तोंडाला पीठ, काष्टा घोट्यावर, आणि स्टँडवरची माणसं माना वळवून बघत होती. द्वारकामावशीनं बोट सोडलं नाही.

कॉलनीतलं घर बंद होतं. मुलगा-सून देखावे बघायला बाहेर पडलेली. तिनं कुलूप काढलं, पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. मग चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढंच, पाठमोरी उभी राहून बोलायला लागली.

"त्या दिवशी आजीनं धाडलं हुतं मला. दोपार झाली, आईला जेवायला बोलवून आण म्हणून. मी गिरणीच्या दारापतूर गेले. तवा त्यो आत हुता." भाकरी तव्यावर टाकल्याचा आवाज आला. "माझं बोलायचंच राह्यलं. तोंडातलं तोंडात. एवढी वर्सं."

मी तोंड धुवायला उठले तर मागं न वळता म्हणाली, "असू दे पीठ. आधी जेव."

मला भूक नव्हती.  तिनं ताट वाढलं, भाकरी, गवारीची भाजी, खर्डा, आणि समोर गुडघे पोटाशी घेऊन बसली. माझा हात ताटाकडं गेला की तिची नजर त्याबरोबर जायची आणि तोंडाकडं आला की वर यायची. तरी मी जेवले. भाकरी संपली. तिनं विचारलं नाही, दुसरी वाढली. मी तीही खाल्ली, अगदी शेवटचा तुकडा भाजीला पुसून.

मग तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं.